पाणी उतरायचं थांबलं तर?

प्रश्न : मुलाची नेमणूक मणिपूरला होती तेव्हा आम्ही दोघं काही दिवस त्याच्याकडे राहून आलो. लोकटक सरोवरावर सेंड्राच्या टेकडीवरून गवताची गोल गोल बेटं पाहिली. एकावर उतरलोही, पायाखाली सगळं डुगडुगत होतं. नावाडी म्हणाला, धरण झालं आणि या बेटांची वाट लागली. मला काही हे पटलं नाही. बेट तरंगतंय म्हटल्यावर पाणी चढलं की ते चढणार, उतरलं की उतरणार. धरणाने त्याचं काय बिघडावं? आणि मुळात एवढं गवत-झुडूप अंगावर घेऊन ते बुडत कसं नाही?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, कराड

उत्तर : सर, शंका अगदी तर्काला धरून आहे. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांनीही हेच विचारलं असतं. पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

तिथले लोक या बेटांना फुमदी म्हणतात. तिच्यात माती असते, पण थोडी. बाकी सगळं गवत, नळ, रानभाताची ताटं, त्यांची मुळं आणि त्यांचाच अर्धवट कुजलेला लगदा. पाण्यात बुडालेल्या पाल्याला हवा मिळत नाही, म्हणून तो पुरता कुजत नाही, थरावर थर चढत जातात. थंड देशांत दलदलीतल्या शेवाळाचा असाच थर साचतो, त्याला पीट म्हणतात. (रोपवाटिकेत मिळतं ते कोकोपीट नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, ते वेगळं.) जिवंत मुळं आणि देठ आतून पोकळ, हवेने भरलेले. शिवाय कुजणाऱ्या थरातून मिथेन वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे मुळांच्या जाळीत अडकून बसतात. एवढ्या भांडवलावर फुमदी पाण्याहून हलकी राहते, तीही किंचितच. जाडीचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचे चार पाण्याखाली. काही फुमद्या बोटभर जाडीच्या असतात, काही 2 मीटरपर्यंत जातात.

निवृत्तीनंतर मी मोइरांगला गेले होते. मच्छीमारांनी नाव न्यायला एका ठिकाणी वाट कापली होती, तिथे फुमदीचा उभा काठ बघायला मिळाला. वर हातभर हिरवं. त्याखाली जुन्या गोधडीसारखी एकमेकांत गुंतलेली तपकिरी मुळं. आणि तळाला काळा लगदा, बोट लावलं तरी सुटून पाण्यात मिसळणारा. वास गटाराचा नव्हता, भिजलेल्या पाचोळ्याचा होता. आमच्या नावाड्याने बांबू उभा रोवला, तो आरपार गेला आणि भोवती भराभर बुडबुडे आले. हा वायू काही फुमदीला जन्मभर पुरत नाही. लगदा झिजतो, सुटतो, तळाला जातो. तो भरून काढायचा तर वरची झाडं जोमाने वाढायला हवीत. आणि झाडांना खायला लागतं. सरोवराच्या पाण्यात ते पुरेसं नसतं, तळाच्या गाळात असतं.

आता पातळीकडे येऊ. इम्फाळच्या खोऱ्यात लोकटक सगळ्यात सखल भागात. पावसाळ्यात ते फुगायचं, हिवाळ्यानंतर आक्रसायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी इतकं उतरायचं की कितीतरी फुमद्या थेट तळावर टेकायच्या. तिथे मुळं गाळात शिरायची, झाडं पोसली जायची, आणि पाऊस आला की तीच फुमदी अधिक जाड होऊन वर उचलली जायची. तुमच्या तर्कात एवढंच राहून गेलं : फुमदी बारा महिने तरंगत नव्हती. वर्षातले थोडे आठवडे जमिनीला लागणं हा तिच्या जगण्याचाच भाग होता.

दुसरी गोष्ट वाहून जाण्याची. पुराच्या पाण्याबरोबर सुट्या झालेल्या फुमद्या खोर्डाक आणि उंगामेल या वाटांनी मणिपूर नदीत जायच्या आणि पुढे म्यानमारकडे. तिथे हे पाणी शेवटी चिंदविन नदीला मिळतं. म्हणजे सरोवर दरवर्षी आपला कचरा आपणच काढत होतं, त्याचं बिल कुणाला येत नव्हतं.

मणिपूर नदीवर इथाईला बंधारा झाला आणि 1983 मध्ये वीजप्रकल्प सुरू झाला. तुम्ही कराडचे, म्हणजे तुम्हाला हे चटकन कळेल. कोयनेचं पाणी जसं कृष्णेच्या खोऱ्यातून उचलून बोगद्याने पोफळीला उतरवतात आणि वासिष्ठीत सोडतात, तसंच लोकटकचं पाणी डोंगरापलीकडे सुमारे 300 मीटर खाली लेइमाताक नदीत पाडून वीज करतात. जायचं होतं चिंदविनला, जातं बराक नदीच्या खोऱ्यात. क्षमता 105 मेगावॉट. कोयनेच्या मानाने चिमूटभर, पण तेवढ्यासाठी सरोवर बारमाही भरलेलं ठेवावं लागतं, समुद्रसपाटीपासून 768 मीटरच्या आसपास. आम्हा धरणवाल्यांच्या दृष्टीने हे उत्तम व्यवस्थापन. पातळी-पट्टीवरचा आकडा हलला नाही की वरिष्ठ खूश.

त्या न हलणाऱ्या आकड्याने दोन उलट गोष्टी एकाच वेळी केल्या. केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग फुमद्यांचाच आहे. तिथल्या फुमद्या तळाला लागेनाशा झाल्या आणि खालून विरत विरत पातळ झाल्या. उरलेल्या सरोवरात मात्र ज्या वाहून जायला हव्या होत्या त्या अडकल्या. वरून नंबुल नदी इम्फाळ शहराचं सांडपाणी आणून ओततेच आहे. म्हणून तिथे फुमद्या माजल्या. एकाच सरोवरात एका टोकाला फुमदी वाचवायची आणि दुसऱ्या टोकाला यंत्र लावून उपसायची, असा खेळ चालतो. नदी जे फुकट करत होती त्याला आता निविदा लागते.

उद्यानातली फुमदी पातळ झाल्याचं दुःख कशाला, तर तिथे संगाई राहतो. मणिपूरचा राज्यप्राणी, एक हरीण. जगात जंगली अवस्थेत तो याच 40 चौरस किलोमीटरच्या उद्यानात उरलाय. दलदलीत चालायचं म्हणून तो नुसत्या खुरांवर भार देत नाही, खुरामागचा सांधाही टेकतो, त्यामुळे चाल नाचल्यासारखी दिसते. तरीही मोठ्या हरणाचं वजन पेलायला फुमदी चांगली जाड लागते. पातळ झाली की पाय आरपार जातो. 1951 मध्ये हा प्राणी संपला असं जाहीर झालं होतं, दोन वर्षांनी पुन्हा सापडला. 1975 च्या हवाई पाहणीत 14 मोजले गेले. 1977 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, शिकारीला चाप बसला, आणि 2016 च्या गणतीत आकडा 260 होता. हे यश वनखात्याचं आणि भोवतालच्या गावांचं, यात शंकाच नाही. पण बंदूक आवरता आली तशी पातळी आवरता आलेली नाही.

माशांचंही सांगते, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा. तो चिंदविनच्या बाजूने नदी चढून लोकटकला यायचा. बंधाऱ्याने ती वाट बंद झाली आणि सरोवरातून तो नाहीसा झाला. आज ताटात दिसतो तो तळ्यात वाढवलेला.

आणि तुम्ही टेकडीवरून पाहिलेली गोल बेटं निसर्गाने काढलेली नाहीत बरं का. फुमदीच्या पट्ट्या कापून, जोडून मच्छीमार ती कडी करतात. त्यांना आथाफुम म्हणतात. सावलीला आणि चाऱ्याला मासे आत येतात, मग भोवती जाळं टाकून कडं रिकामं करायचं. पाणी कायमचं चढल्यावर काठची भातशेती बुडाली आणि पुष्कळ माणसं या धंद्यात आली, काही तर फुमदीवरच झोपड्या बांधून राहायला लागली. पुढे सरोवर बिघडवल्याचा ठपकाही त्यांच्यावरच आला. 2006 च्या सरोवर संरक्षण कायद्याचा आधार घेऊन 2011 च्या नोव्हेंबरात अशा शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. बंधारा मात्र कुठल्याच अतिक्रमणाच्या यादीत नव्हता. तुमचा नावाडी जे एका वाक्यात म्हणाला त्यामागे हे सगळं आहे.

प्रश्न : आमच्या पवना नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. त्यावर बगळे चालतात. यालाही फुमदी म्हणायचं का? महापालिकेने काढण्याऐवजी तशीच ठेवली तर तिचंही बेट होईल का?
— एक गृहिणी, चिंचवड

उत्तर : नका हो तशी ठेवायला सांगू! जलपर्णी तरंगते ती तिच्या फुगीर, स्पंजासारख्या देठांवर, मेली की गाळ होऊन खाली बसते. फुमदी तिच्या मेलेल्या भागावर तरंगते. तशी लोकटकमध्येही काही फुमद्यांची सुरुवात जलपर्णीच्या चटईने होते. तिच्यात गवतं रुजतात, मुळं गुंततात आणि कित्येक वर्षांनी जाड थर धरतो. पण त्याला पसरट, संथ सरोवर लागतं. पवनेत पावसाळ्यात वरून पाण्याचा लोंढा येतो आणि सगळा गालिचा पुलांच्या खांबांना जाऊन अडकतो. डास आणि दुर्गंधी यापलीकडे त्यातून काही पदरात पडायचं नाही. आणि जलपर्णी वाढते कशावर, ते नाल्यांची तोंडं बघितली की कळतं. मूळ खुराक तोच आहे.

प्रश्न : आमची जमीन उजनीत गेली. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही गाळपेर करतो, हरभरा चांगला येतो. त्याच गाळात रोहित पक्षी उतरतात, भिगवणला ते बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. धरण नसतं तर हे पक्षी आले असते का? धरणाने पाणथळ जागा बिघडतात हे ऐकून ऐकून आम्हाला कंटाळा आला.
— एक शेतकरी, इंदापूर तालुका

उत्तर : दादा, तुमचं खरं आहे. धरणाने पाणथळ तयारही होते. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय करारात महत्त्वाची ठरलेली पाणथळ, कोणती? नांदूर मध्यमेश्वर, 2020 मध्ये जाहीर झालेली. आणि ती आहे गोदावरी-कादवा संगमावर ब्रिटिशांच्या काळात घातलेल्या बंधाऱ्याची देणगी. मागे गाळ साचत गेला, उथळ बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. कुणी ठरवून केलेलं नाही. कालव्यात पाणी सोडायला बांधलेल्या बंधाऱ्याने आपोआप दिलेलं.

पण तुमच्याच पत्रातला एक शब्द बघा : "ओसरलं की". उजनी वर्षभर काठोकाठ भरलेली राहिली तर तुमची गाळपेर कुठे आणि रोहित कुठे? त्याला लांब पाय बुडतील एवढंच पाणी लागतं, मान वाकवून चोच गाळात फिरवायला. ज्या वर्षी पाऊस लांबतो आणि धरण डिसेंबरातही तुडुंब असतं, त्या वर्षी भिगवणचे नावाडी पक्ष्यांची वाट बघत बसतात. उजनी दर साल चढते आणि उतरते, उन्हाळ्यात तर मृत साठ्याच्याही खाली, "वजा"मध्ये जाते. सोलापूरकरांना ते आवडत नाही आणि त्यांची तक्रार रास्तच आहे. पण त्या चढउतारावरच तुमचा हरभरा आणि ते पक्षी दोन्ही जगतात. लोकटकचं दुखणं पाणी अडवल्याचं आहेच, त्याहून ते पाणी उतरू न दिल्याचं आहे.

उलटं दुखणं हवं असेल तर भरतपूरचं केवलादेव बघा. तिथे वर पांचना धरणात गंभीर नदीचं पाणी अडलं आणि पाणथळ तहानेने कासावीस झाली. धोक्यात आलेल्या रामसर जागांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत भारतातल्या सध्या दोनच जागा आहेत, केवलादेव आणि लोकटक. एकीला पाणी मिळेना, दुसरीचं उतरेना.

प्रश्न : मी अमेरिकेत मिनेसोटात असते. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये चिप्पेवा फ्लोएज नावाच्या जलाशयावर सुट्टीला गेलो होतो. तिथे झाडं उगवलेलं मोठं तरंगतं बेट आहे आणि ते वाऱ्याने सरकून पुलापाशी आलं की गावकरी मोटरबोटी एकत्र करून त्याला ढकलून लावतात म्हणे! हे बेट आलं कुठून? तिथे तर लोकटकसारखं सरोवर नव्हतं.
— एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : हे बेट धरणानेच जन्माला घातलंय. 1923 च्या सुमारास तिथे चिप्पेवा नदीवर धरण बांधलं, त्यात जंगल, तळी आणि पीटच्या दलदली बुडाल्या. शतकानुशतकं जमिनीला धरून बसलेलं पीट पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात तापलं, आत वायू साठला, आणि मोठमोठे तुकडे तळापासून सुटून वर आले. वर आल्यावर त्यांच्यावर गवत, झुडपं आणि शेवटी झाडं उगवली. झाड उगवलं की त्याला वारा लागतो आणि बेट चालायला लागतं. तुम्ही पाहिलंत ते चाळीस एकरी बेट म्हणून ओळखलं जातं. ढकलायची जत्रा खरी आहे, वारा हवा तसा असला तरच जमतं.

पीट असलेल्या प्रदेशात धरण बांधलं की हे बऱ्याच ठिकाणी होतं. रशियात व्होल्गेवरच्या रिबिन्स्क जलाशयातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणी भरत गेलं तशी पीटची बेटं वर आली. कॅनडात ओंटारियोमध्ये शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये एक छोटी दलदल मुद्दाम बुडवून बघितली. तिथेही पीट वर आलं, मिथेन वाढला, आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे पाण्यात आणि माशांत पाऱ्याचं विषारी रूप वाढलं. पीट कुजताना जिवाणू साध्या पाऱ्याचं ते रूप करतात. जलविद्युत म्हणजे निखळ स्वच्छ वीज असं जे सरसकट लिहिलं जातं, त्याला हा प्रयोग चांगला उतारा आहे.

मजेचं बेट आहे खरं, पण पुढच्या वेळी गेलात तर बेटाखाली काय बुडालं तेही कुणाला तरी विचारा. लाक कूर्त ओरेय या ओजिब्वे लोकांचं गाव आणि त्यांची रानभाताची उथळ तळी त्या पाण्यात गेली. रानभात हे त्यांचं मुख्य अन्न. आणि गंमत बघा, लोकटकच्या फुमदीवर संगाई जे आवडीने खातो तेही त्याच कुळातलं, झिझानिया. तिकडे धरणाने त्याला बुडवलं, इकडे जमिनीपासून तोडलं.

प्रश्न : ताई, मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. मला प्रकल्पासाठी सरळ उत्तर हवंय. इथाई बंधारा पाडावा की नाही?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : मणिपूरमध्ये ही मागणी अनेक वर्षांची आहे आणि ती करणाऱ्यांना मी भाबडे म्हणणार नाही. 105 मेगावॉटसाठी एक सरोवर, एक राज्यप्राणी, एक राज्यमासा आणि हजारो लोकांची पोटं पणाला लावायची, हा सौदा आज कुणी मांडला तर मंजूर होणार नाही.

तरी माझं मत विचारशील तर आधी दरवाजे. इथाईला बांधलेली भिंत नाही, दरवाज्यांचा बंधारा आहे. दरवाजे उघडता येतात. कोरड्या महिन्यांत काही आठवडे पातळी इतकी उतरू द्यायची की उद्यानातल्या फुमद्या तळाला लागतील, आणि पावसाळ्यात पूर असताना सुट्या फुमद्यांना बाहेरची वाट द्यायची. अभ्यासक हे कधीपासून सांगताहेत. त्या आठवड्यांत वीज कमी होईल. किती कमी, हा हिशेब कुठलाही कनिष्ठ अभियंता एका दुपारी करून देईल, आणि तेवढी वीज दुसरीकडून आणता येते. फुमदी दुसरीकडून आणता येत नाही. मासा मात्र दरवाज्यांनी परत येईल असं मी म्हणणार नाही, त्याला वर्षातून योग्य वेळी सलग मोकळी वाट लागते. तिथे बंधारा काढण्याचा मुद्दा खरोखर उभा राहतो. आणि चार-पाच वर्षं दरवाजे असे चालवूनही फुमद्या जाड होत नसतील, तर पाडा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मीही जाऊन उभी राहीन.

तुझ्या प्रकल्पाचं म्हणशील तर लोकटकवर इथे बसून लिहू नकोस. अप्पर वर्धा धरण तुझ्यापासून जवळ आहे. विभागीय कार्यालयातून गेल्या 10 वर्षांच्या पातळीच्या नोंदी माग, माहितीच्या अधिकारात मिळतात. मग सिंभोऱ्याच्या बाजूला काठाच्या दोन-तीन जागा ठरव आणि ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला जाऊन बघ : पाणी किती मागे गेलं, उघड्या गाळात आधी काय उगवलं, कोणते पक्षी आले, गाळपेर कधी पडली. पातळीचा आलेख आणि या नोंदी एकाखाली एक लाव. मार्गदर्शकांनी काही विचारलं तर मला कळव, आणि जाताना उन्हाची टोपी घेऊन जा, त्या काठाला सावली नाही.